लाल शाईतल्या पाकळ्या

पेडण्याकडच्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं गणित शिकवतो. दरवर्षी नववीच्या मुलांना एक गृहपाठ देतो: घरी नाणं शंभर वेळा उडवा, आणि छापा पडला की काटा ते क्रमाने लिहून आणा. निम्मी मुलं नाणं उडवतच नाहीत, मनाने लिहितात. ती मला लगेच सापडतात. खऱ्या नाण्याला लाज नसते, ते सलग सहा-सहा वेळा छापा पाडतं. मनाने लिहिणाऱ्याला मात्र तीन छापे झाले की धास्ती वाटते आणि हात काट्याकडे वळतो.

निसर्गात नमुना दिसला की मी खूश होतो. अननसाच्या सालीवरच्या डोळ्यांच्या तिरक्या रांगा एकीकडून आठ, दुसरीकडून तेरा भरतात, हे मी मुलांकडून वर्गात मोजून घेतो. माणसाच्या वागण्यात नमुना दिसला की मात्र मला लबाडीचा वास येतो. स्वभावच तसा.

आमच्या देवळात कौल लावतात. भटजी गाऱ्हाणं घालून मूर्तीच्या दोन्ही अंगांना पिटकोळीच्या फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्या धाकट्या बहिणीला डिचोलीचं स्थळ आलं होतं. सगळ्यांना पसंत होतं. कौल लावला, डावी पडली. आईने स्थळ सोडलं. मला भटजींचा संशय येऊ लागला. पाकळी किती ओली करायची ते शेवटी त्यांच्याच हातात.

मी एक वही सुरू केली. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी खांबाला टेकून बसायचं आणि निळ्या पेनाने लिहायचं: उ, डा, डा, उ. भटजींनी एकदा विचारलं, "मास्तर, देवाची हजेरी घेतल्यात काय?" लोक हसले. मीही हसलो, पण वही मिटली नाही.

वर्षभराने ती देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांच्या बैठकीत ठेवली. सगळी नाही. मार्च-एप्रिलच्या पानांची स्वच्छ नक्कल करून नेली, कारण तिथे नमुना सगळ्यांत ठळक होता. त्या दोन महिन्यांत एकच पाकळी सलग तीनदा कुठेच पडली नव्हती. मी उभं राहून नाण्याचा हिशोब समजावला. "हे देवाचं काम दिसत नाही," म्हणालो. "एकाला हो, दुसऱ्याला नाही, असं कोणीतरी वाटून दिलंय."

कोणी आवाज चढवला नाही. भटजींनी नक्कल हातात घेऊन शेवटपर्यंत पाहिली. मग एवढंच विचारलं, "पेपर तपासूक तुमी पणजेक जाय होतात. ते दिवस कशे लिवलात?"

"आलेल्या लोकांना विचारून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद परत दिला. कौल लावण्याचा मान त्यांच्या पुतण्याकडे गेला. पुढच्या महिन्यात ते मयेला लेकीकडे राहायला गेले. देवळात मला लोक जागा करून देऊ लागले.

मी कोणालाही विचारलं नव्हतं.

यंदा घरपट्टीची जुनी पावती शोधताना पेटीत मूळ वही सापडली. त्या दोन महिन्यांतल्या बहुतेक ओळी लाल शाईत आहेत. पणजीहून संध्याकाळच्या बसने यायचो, तेव्हा खिशात पेपर तपासायचं पेन असायचं. वहीत भोकं राहू नयेत म्हणून घरी बसून अंदाजाने भरायचो. बाकीच्या महिन्यांतल्या निळ्या ओळींत एके ठिकाणी सलग सहा उजव्या आहेत, एके ठिकाणी पाच डाव्या. लाल ओळींत दोन उजव्या झाल्या की डावी. नववीतला कुठलाही पोर पकडला गेला असता.

तेव्हा मला माहीत नव्हतं का? अर्धं माहीत होतं. नक्कल करताना दोन शाईंची एक शाई झाली, आणि मी ती होऊ दिली.

पाकळीवर माझा आजही विश्वास नाही. पण त्या वहीत खोटं कोणी लिहिलं, हा प्रश्न वेगळा आहे.

गेल्या रविवारी मयेला गेलो. भटजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. आता पार थकलेत. मी वही उघडून सगळं सांगितलं. त्यांनी लाल ओळींवरून बोट फिरवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "गृहपाठ बरोच उशिरा हाडलात."

"तुम्हांला तेव्हाच कळलं होतं?"

"तुमच्या तोंडार दिसलां."

"मग बोलला का नाहीत?"

"मी विचारलंय. उत्तर तुमचा होता." अडकित्ता पुन्हा चालू झाला. "माका सांगान काय उपेग? जंय कागद वाचलात, थंय ही वही वाचा."

"तुम्ही याल?"

"आधी वाचा. मगे बघूया."

हे लिहिलंय ते तिथे वाचण्यासाठी. येत्या रविवारी बैठक आहे. नक्कल आणि मूळ वही, दोन्ही पिशवीत घातल्यात. मूळ वही वर ठेवली आहे.