यादीत न लिहिलेली गोष्ट

मंगळवार, ११ नोव्हेंबर. हजर: मी, माझे पती, थोरल्या जाऊबाई आणि नगरच्या दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर. समोर माझ्या खुब्याची एमआरआय फिल्म.

डॉक्टरांनी पेनाने एक पांढरा ठिपका दाखवला. "पॅरालॅब्रल सिस्ट. खुब्याच्या सांध्यातलं पाणी कडेने बाहेर येऊन झालेली पिशवी. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. पण शेजारी सायटिक नस आहे, तिच्यावर दाब येतोय."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि मगच रडले.

सुरुवात उन्हाळ्यात झाली. आमच्या चार गाई, धार मीच काढते. उकिडवी बसले की उजव्या कुल्ल्यात खोल ठणका, मग मांडीच्या मागून तळपायापर्यंत मुंग्या. पावसाळ्यात भरलेली बादली घेऊन उठता येईना. घरात गाई विकायची भाषा सुरू झाली. दावण रिकामी होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आधी मणक्याचा एमआरआय झाला. त्यात काही निघालं नाही. मग या डॉक्टरांकडे आलो. मी दोन पानांची यादी दिली: किती वेळ बसले, कधी दुखलं, कुठली गोळी घेतली.

"आणखी काही उपाय केले?"

"नाही," मी म्हणाले.

"न्हाई कसं?" जाऊबाई बोलल्या. "भिंगारच्या मावशीकडं सात आयतवार चोळून घेतलं की! ते लिवायला शाई संपली व्हय गं?"

डॉक्टर रागावतील म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. ते रागावले नाहीत. "चोळल्यावर काय व्हायचं?"

"वरडायची, साहेब. पाय झाडायची."

त्यांनी मला कुशीवर झोपवून मावशी दाबायच्या तिथेच दाबलं. करंट पार अंगठ्यापर्यंत गेला. "मणका नाही, आता खुबा बघू," ते म्हणाले.

एमआरआयला जाणार असाल तर जोडवी घरूनच काढून जा. माझी लग्नापासूनची, मणक्याच्या एमआरआयला निघेनात. जाऊबाईंनी दवाखान्याच्या बेसिनवर साबण लावून काढली, तोवर दोघांचे नंबर पुढे गेले.

त्या मंगळवारच्या पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीवर बघत सुईने पिशवीतलं पाणी काढलं. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. पिशवी पुन्हा भरू शकते, तशी भरली तर दुर्बिणीतून ऑपरेशन, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग फिजिओथेरपी, आणि उकिडवं बसणं बंद.

ह्यांनी गुडघाभर उंचीचं स्टूल ठोकून दिलं. आता मी त्यावर बसून दोन गाईंची धार काढते, दोघींची हे काढतात. "तुमच्या हाताला गाय पान्हा चोरती, भावजी," म्हणून जाऊबाई चिडवतात. मुंग्या गेल्या. दावणीला चारही गाई आहेत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर केलेला प्रत्येक उपाय डॉक्टरांना सांगा. लाज वाटते तो आधी.

मावशींचा परवा फोन आला. "बरं वाटतंय न्हवं? माझ्या हाताला यश हाय बग." त्या तेलाशिवाय कुणाकडून काही घेत नाहीत. दाबल्यावर पायात मुंग्या येत असतील त्या बाईला चोळू नका, आधी दवाखान्यात पाठवा, हे त्यांना समोर बसून सांगायला हवं. मी "हो मावशी" म्हणून फोन ठेवला.

'भिंगारला जाणे.' वहीतल्या बाकी सगळ्या ओळींवर बरोबरची खूण झाली आहे.