टाकीतलं सोनं

नारायणगावात सावळेराम मिस्त्रीच्या गॅरेजला लागून माझं पंक्चरचं दुकान होतं. समोर रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप. मिस्त्री हाताचा चोख, पण तोंडाचा असा कंजूष की बोलण्याचीही मजुरी लावतो की काय, असं गिऱ्हाइकाला वाटावं. आता तो नाही, हौशीरामभाऊही नाहीत. म्हणून सांगतो.

हौशीरामभाऊ निरगुडसरचे बागायतदार. बैल विकले आणि पोपटलालशेटची जुनी फियाट घेतली. गाडी दारात आली तेव्हा त्यांच्या सरूबाईंनी चाकांवर पाणी घालून, भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेतलं म्हणे. पोळ्याला बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. मी चेष्टा केली, "वहिनी, रवंथ करती का वो?" त्या म्हणाल्या, "करंल की. तुमच्यासारख्या पंक्चरवाल्यापेक्षा गुणाची हाय."

दिवाळीनंतर गाडीला खोड लागली. चांगली चालायची, मधेच आचके देऊन बंद पडायची. जरा थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलून धुतला, त्याचे जेट बदलले, टाकीतून पेट्रोल ओढणारा गाडीतला पंपही नवा बसवला. जुन्या गाडीत पेट्रोल अडलं की दोष या दोन जागीच सापडतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ. गाडी नीट चालली. मिस्त्री म्हणाला, "जावा भाऊ, बिनघोर."

हे 'बिनघोर' त्याला आयुष्यभर पुरलं.

माघात एका पहाटे सरूबाईंच्या छातीत कळ आली. भाऊंनी त्यांना मागच्या सीटवर निजवून गाडी नारायणगावच्या दवाखान्याकडे काढली. वाटेत उसाच्या फडांमध्ये गाडी आचके देऊन बंद पडली. मागंपुढं दुसरं वाहन नाही. भाऊ चावी फिरवत राहिले. गाडी सुरू झाली तेव्हा मागच्या सीटवरचं कण्हणं थांबलेलं होतं.

तेरावं उरकून भाऊ गाडी घेऊन आले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. चावी मिस्त्रीच्या पुढ्यात टाकली. "तू बिनघोर म्हनला व्हता. का बंद पडली, एवढंच सांग. मला झोप लागत न्हाई."

गावात बोभाटा झाला. मिस्त्रीनं बाई मारली, असं लोक माझ्या दुकानात बसून बोलायचे. त्यातल्या एकदोघांना मी हाकलूनही दिलं. मिस्त्रीनं त्या गाडीची नळीन् नळी काढली. सगळं साफ होतं. शेवटी त्यानं जे आधी कधी केलं नव्हतं ते केलं, पेट्रोलची टाकीच खाली उतरवली आणि पालथी केली.

आधी गंजाचा चुरा पडला, मग आपट्याचं एक पान. काळपट, चिवट, अख्खं.

पान टाकीतल्या नळीच्या तोंडाशी ओढलं जायचं आणि पेट्रोल बंद. गाडी थांबली की ओढ संपायची, पान सुटून तरंगायचं. दसऱ्याचं सोनं टाकीत कुणी घातलं, हे आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही. गाडीला पुरणपोळी घालणारी बाई एकच होती.

"दाखव भाऊंना," मी म्हणालो. "तुझ्यावरचं बालंट जाईल."

"आन् कुनावर जाईल?" मिस्त्री म्हणाला.

त्यानं ते पान स्टोव्हवर जाळलं. भाऊ आल्यावर खाली मान घालून म्हणाला, "पंप मीच नीट बसवला न्हवता. चूक माझी." भाऊ त्याच्याकडे बघत राहिले, मग गाडी घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी मिस्त्रीच्या दाराकडे पाहिलंही नाही. गिऱ्हाइकं तुटली. मला मिस्त्रीचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. इतकं चांगलं असू नये माणसानं.

पुढच्या दसऱ्याला भाऊंची फियाट समोरच्या पंपावर आली, झेंडूची माळ घातलेली. पेट्रोल भरून झालं. भाऊंनी खिशातून आपट्याचं पान काढलं आणि उघड्या टाकीकडे हात नेला. मिस्त्री हातातला स्पॅनर टाकून रस्त्यातून धावत गेला. मागोमाग मी. त्यानं टाकीच्या तोंडावर पंजा दाबून धरला होता.

"हात काढ," भाऊ कडाडले. "सरूनं गेल्या साली घातलं व्हतं. म्हनली, बैलाला तोंडात घास देतो, तसं हिलाबी तोंडात सोनं. तिची रीत हाय ती."

मिस्त्रीनं हात काढला नाही. डोळे तेवढे भरून आले.

भाऊंनी त्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांतल्या पानाकडे. पुन्हा त्या हाताकडे. मागं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. भाऊंचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"आन् तू समदं आंगावर घेतलंस?" ते कसंबसं म्हणाले.

मग त्यांनी टाकीवरचा तो ग्रीसनं माखलेला हात उचलला, उलटा केला आणि पान त्यात ठेवलं.

"सोनं घ्या मिस्त्री," भाऊ म्हणाले. "सरूच्या वाटचं हाय."