सगळ्या ओळी माझ्या नावावर

द्राक्षांच्या पेट्यांचं वजन करून लेबल छापणारा आमचा प्रोग्राम मी आणि माझ्या जुन्या भागीदाराने नाशिकरोडच्या एका खोलीत बसून लिहिलेला. पुढे त्याच्या वडिलांचं दुखणं निघालं आणि तो पिंपळगावजवळच्या आपल्या बागेत परत गेला. अमेरिकेला गेला असता तर बरं. निदान तिकडे किती वाजले असतील ते बघून फोन तरी केले असते. हा पडला तासाभरावर. तासाभरावरच्या माणसाला कधीही भेटता येतं, म्हणून कोणी भेटत नाही.

यंदा प्रोग्रामच्या भाषेची नवी आवृत्ती घेणं भाग होतं. सगळा कोड हाताने बदलत बसलो असतो तर हंगाम निघून गेला असता. म्हणून जुन्या ढंगाचं लिखाण आपोआप नव्या ढंगात बदलणारं टूल मी बिल्डमध्ये बसवायला घेतलं. प्रोग्राम बांधण्याआधी दरवेळी ते सगळ्या फायली चाळणार आणि जुनं दिसलं की नवं करणार. त्याच्या सेटिंगची फाइल एवढीशी, पण मी तिच्यात आठवडा घातला. आधी फोल्डरच चुकीचा दाखवला. टूल निमूटपणे रिकाम्या फोल्डरवर चाललं, 'सर्व ठीक' म्हणालं, आणि मी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले.

मग ते खरोखर चाललं. टूलने खोडलेल्या जुन्या ओळी पडद्यावर लाल दिसतात, आणि त्या लालमध्ये माझा भागीदार दिसायला लागला. मजकुराचे तुकडे अधिकच्या चिन्हाने जोडत जायची त्याची सवय. मी म्हणायचो, "कोड लिहितोस का वेलीच्या काड्या तारेला बांधतोस?"

"बांधलेलं सुटत नाय," तो म्हणायचा. "तुझं सुटतं."

खोटं नव्हतं ते. टूलने त्याच्या सगळ्या गाठी सोडून ओळी चकचकीत केल्या. उत्साहाच्या भरात मी ओळींमधल्या मोकळ्या जागा नीट करणारं दुसरं टूलही जोडलं, सगळं एका झटक्यात सामायिक कोडमध्ये जमा केलं आणि कॉलर ताठ करून चहा घेतला.

कुठली ओळ शेवटी कोणी बदलली, त्याचं नाव आमच्याकडे ओळीशेजारी दिसतं. दुपारी, पुण्याहून यंदाच आलेल्या सहकारी बाईंनी एक फाइल उघडून विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही एकट्यांनी लिहिलंत?"

ती स्तुती मी क्षणभर अंगाला लावून घेतली. मग डोकावलो. टूल माझ्या नावाने चाललं होतं आणि एकही ओळ शिवायची सोडली नव्हती. वरपासून खालपर्यंत मीच.

"नाही हो. आणखी एकजण होता."

"होता म्हणजे?"

"म्हणजे आहे. पिंपळगावला."

"मग असं काय बोलता? मला वाटलं गेले बिचारे."

शोधाशोध केल्यावर कळलं, एखादा बदल मोजू नकोस असं त्या नावांच्या यादीला सांगता येतं. सांगितलं. ओळीमागून ओळ त्याचं नाव परत आलं. काही काम नसताना मी कितीतरी वेळ फायली वरखाली करत बसलो. शेवटी फोन लावला.

"तुझ्या लेबलच्या फाइलमध्ये अडलंय जरा."

"काय अडलं?"

इथवरचीच तयारी केली होती. "ते... वजनाचं."

"मला काय आठवतंय आता त्यातलं. छाटणी चालू हाय, माणसं खोळंबलीत. तू बघ ना भाऊ, तुला जमतं."

"जमलंय तसं."

"मग?"

"मग काही नाही."

पलीकडे कोणीतरी कात्री मागत होतं. त्याने ती दिली असावी. मग म्हणाला, "लय दिवसांनी केलास. काही मोडलं तर कर. मोडल्यावर तरी करत जा."

दुसऱ्या दिवशी मी लेबलच्या फाइलचं जुनं रूप परत आणलं आणि टूलने वगळायच्या फायलींमध्ये तिचं नाव घातलं. कारण लिहिलं: जोखीम नको. बाईंनी ते पाहिलंच.

"ही कशाला वगळली? आत्ता नुसते इशारे देतेय, पण पुढच्या आवृत्तीत मोडेल."

"नक्की मोडेल?"

"नक्की."

मी सेटिंगची फाइल जमा केली.