पास्कूमामाची जीप आणि बावखलाकाठची तीस पावलं

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आधीच सांगतो. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. मांजर आडवं गेलं तर हा मांजराचा वेग काढत बसेल, असं बायको म्हणते. इथले तुमचे अनुभव मी आवडीनं वाचतो, पण प्रत्येकाखाली 'दार वाऱ्यानं वाजलं असेल' असं लिहायला हात शिवशिवतात. तेव्हा आज स्वतःच लिहायला बसलोय, तर थोडी लाज वाटतेच आहे...

शिवाय माझ्या अनुभवात भूत नाही. जे घडलं ते लख्ख उन्हात, बँडबाजा तयार असताना घडलं. त्यात आहे ती एक जीप आणि तिचं ढिलं स्टिअरिंग.

गाव गिरीज, वसई. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी चोवीस वर्षांचा, शाळेत नवा मास्तर. आमच्या वाडीपासून देवळापर्यंत — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — साधारण मैलभराचा अरुंद रस्ता. उजवीकडे केळी, डावीकडे नारळ. मध्यावर एक बावखल, म्हणजे वाड्या शिंपायला जुन्या लोकांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. रस्ता त्याच्या अगदी काठावरून जायचा. मध्ये कठडा नाही, कुंपण नाही. चुकलात की थेट बेडकांच्या घरी. या बावखलाच्या अलीकडे रस्त्यावर एक क्रूस, आणि पलीकडे देवळाच्या वळणावर दुसरा.

आईचा धाकटा भाऊ पास्कूमामा वटारला राहायचा. त्यानं लष्कराच्या लिलावातून एक जीप आणली होती. लष्करानं ती का काढून टाकली, हे स्टिअरिंग हातात घेतल्यावर कळायचं. चाक पाव फेरा फिरवलं तरी पुढच्या टायरांना त्याची बातमी पोचायची नाही. मग एकदम पोचायची — आणि गरजेपेक्षा जास्त पोचायची. सरळ जायचं तरी मामाला ते चाक सारखं डावी-उजवीकडे हलवत राहावं लागे. लांबून वाटायचं, माणूस जीप चालवत नाहीये, जात्यावर दळतोय. त्यात ब्रेक दाबला की गाडी हमखास डावीकडे ओढायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण मामा पडला जुन्या वळणाचा. आमच्याकडची जुनी माणसं क्रुसासमोरून जाताना टोपी काढतात आणि क्रुसाची खूण करतात. पायी चालणाऱ्याला ठीक आहे. मामा हे जीप चालवताना करायचा. डाव्या हातानं टोपी, उजव्या हातानं खूण, आणि स्टिअरिंग... मोकळं!

आई म्हणायची, "अरे, दोन्ही हात सोडतोस, गाडी कोण बघतं?"

"ज्याला हात जोडतो तो बघतो."

"त्याला लायसन आहे का?"

तो मात्र बघत नसावा. कारण क्रूस आला की जीप शेजारच्या कुंपणात शिरायचीच. अलीकडच्या क्रुसापाशी भाजीचे वाटे लावून बसणारी म्हातारी जीपचा आवाज आला की मुकाट्यानं टोपली उचलून पायरीवर चढायची. जीप कुंपणात, मग मामाची टोपी पुन्हा डोक्यावर, मग रिव्हर्स गिअर. म्हातारी खाली येऊन पुन्हा वाटे लावायची. दोघांचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं.

पण एके दिवशी मामा मला म्हणाला, "मास्तर, एक गंमत सांगू? बावखलापाशी गाडी मला विचारतच नाही."

"म्हणजे?"

"स्टिअरिंग आपोआप घट्ट होतं. सरळ रेघेत जाते. बावखल संपलं की पुन्हा नाचायला लागते."

मी हसलो. मग रविवारी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. बावखल सुरू झालं, मामानं हात मांडीवर ठेवले... आणि ती जीप, जी मोकळ्या मैदानात दहा पावलं सरळ जायची नाही, ती पाण्याच्या काठानं दोरी लावल्यासारखी सरळ गेली. मी उतरून मोजलं. तीस पावलं.

"चाकोरी पडली असेल," मी म्हणालो. दुसऱ्या रविवारी मामाला गाडी हातभर उजवीकडून न्यायला सांगितली, खाली चुन्याची रेघ मारून. टायर रेघेवरून हलले नाहीत. मग मी म्हणालो, रस्त्याला उतार असेल. सुताराची लेव्हल आणून लावली. उतार होता — पण पाण्याच्या बाजूला! म्हणजे जीप खरं तर बावखलात जायला हवी होती. हा निष्कर्ष मी मामाला सांगितला नाही. विज्ञानात अशा वेळी 'पुन्हा मोजायला हवं' एवढंच म्हणायचं असतं.

"इथं क्रूस आहे का?" मी मामाला विचारलं. "नाही ना? मग चमत्कार कसला? देवाला करायचाच असता तर क्रुसापाशी केला असता, तिथं तर तू कुंपणात जातोस."

मामा टोपी सारखी करून गाडीत जाऊन बसला. त्या काळात मी वादात जिंकलेला हा एकमेव प्रसंग.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, सिसीलचं लग्न ठरलं. मामानं जाहीर केलं, "माझी एकुलती एक भाची माझ्या जीपमधून देवळात जाणार."

आई उखडली. "माझी पोर पांढरा झगा घालून बेडकांत उतरणार नाही."

मामाचं तोंड इतकं उतरलं की आम्हालाच बघवेना. त्याला मूलबाळ नव्हतं. सिसील पहिल्यांदा चालली ती त्याचं बोट धरून. आठ दिवस तो आमच्याकडे जेवला नाही, आणि मामा जेवत नाही म्हणून सिसील जेवेना. शेवटी ती आईला म्हणाली, "आई, मी गेले तर मामाच्या गाडीतून जाईन. नाहीतर चालत जाईन. पण दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नाही."

आईनं दोन अटी घातल्या. एक, स्टिअरिंग दुरुस्त करायचं. दोन, मामाची टोपी आदल्या दिवशी तिच्या ताब्यात द्यायची.

दुरुस्ती नामा मिस्त्रीनं केली. हा कोळीवाड्याकडचा, हात सोन्याचे, तोंड तिखट. जीपखालून बाहेर येऊन म्हणाला, "हिला स्टिअरिंग हाय असं कोन म्हन्लं तुला? नुसता आकडा लटकवलाय." त्यानं टाय रॉडचे जॉइंट बदलले, किंग पिनचे बेअरिंग बदलले, स्टिअरिंगचा बॉक्स उघडून प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढला. चौथ्या दिवशी चाक बोटभर फिरवलं की टायर बोटभर वळत होते. मामाला ते चालवताच येईना! सवयीनं तो दळायला गेला आणि शेजाऱ्याच्या केळी आडव्या झाल्या. मग हळूहळू जमलं.

लग्नाची सकाळ. मिस्सा, म्हणजे देवळातला लग्नविधी, दहाला, आणि आमच्यामागे साडेअकराला दुसरं लग्न होतं, म्हणजे उशीर चालणार नव्हता. आई आणि पाहुणे पुढे चालत देवळाकडे गेले. जीपला झेंडूच्या माळा. मामा सुटात, बोडका. टोपी आईच्या ट्रंकेत, आणि किल्ली आईच्या कमरेला. मी पुढे मामाशेजारी, मागे सिसील आणि तिच्या दोन मैत्रिणी, सगळ्यांच्या मांडीवर झग्याचा घोळ.

पहिला क्रूस आला. म्हातारी टोपली घेऊन आधीच पायरीवर. मामाचा डावा हात डोक्याकडे निघाला, तिथं टोपी सापडली नाही, बिचारा परत आला. मागून सिसील म्हणाली, "हात काढू नका मामा, मी खूण दोनदा करते. एक माझी, एक तुमची." जीप सरळ पुढे गेली. म्हातारी टोपली घेऊन बघतच राहिली. तिला जरा चुकल्यासारखं वाटलं असावं.

बावखल दिसायला लागलं. आणि गाडीखालून आवाज आला — टण्ण!

मामानं चाक डावीकडे फिरवलं. मग उजवीकडे. मग पूर्ण गोल. ते शिवणाच्या मशीनच्या चाकासारखं गरगर फिरलं. स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारा दांडाच निसटला होता.

"मास्तर," मामा हळूच म्हणाला, "गाडी आता कुणाचीच नाही."

"ब्रेक!"

"ब्रेक मारला तर डावीकडे."

डावीकडे बावखल होतं. पाणी हातभरावर, हिरवंगार, कमळाची पानं. मागे माझी बहीण मैत्रिणीला सांगत होती की हा झगा शिवायला दोन महिने लागले. मामानं दोन्ही हात वर घेतले. एक डोक्यावर ठेवला — टोपी नव्हती, तरी काढल्यासारखं केलं — आणि दुसऱ्यानं खूण केली. मी विज्ञानाचा पदवीधर. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बावखल मागे पडलं होतं. जीप रस्त्याच्या मधोमध होती. मग तिनं आळोखेपिळोखे दिल्यासारखं उजवीकडे वळण घेतलं, केळीच्या वाफ्यात शिरली आणि मऊ मातीत थांबली. झग्याची एकही टाचणी निघाली नाही. सिसीलच्या केसांत केळीच्या पानाची एक चिंधी अडकली, एवढंच.

"पोचलो?" तिनं विचारलं.

"जवळजवळ," मामा म्हणाला. उतरून त्यानं आधी भाचीला हात दिला.

उरलेला रस्ता ती चालत गेली. देवळाच्या वळणावर बँडवाले वाट बघत होते, ते पुढे झाले. दहाला दोन मिनिटं कमी असताना आम्ही देवळाच्या पायरीवर होतो. आईनं आमच्या मागे पाहिलं. "जीप कुठाय?"

"सावलीत लावलीय," मामा म्हणाला. पूर्ण खोटं नव्हतं. केळीची सावली होती.

संध्याकाळी जेवणं सुरू असताना मी नामा मिस्त्रीला घेऊन बावखलाकाठी गेलो. मातीत टायरांचे ठसे ताजे, पट्टीनं ओढल्यासारखे. नामा बराच वेळ ओणवा होऊन बघत होता. "दांड्याची पिन मीच घातलेली. माझ्याच हातानं," तो पुटपुटला. मग म्हणाला, "दांडा सुटल्यावर टायर नीट ऱ्हातात थोडं, नाही असं नाही. पन या उतारावर? पान्याच्या बाजूला झुकलेल्या? मास्तर, मी जेवायला जातो."

मी एकटाच राहून पावलं मोजली. तीस.

पुढच्या मेमध्ये बावखलातला गाळ काढायचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी गड्याची कुदळ दगडावर आपटली. वर काढलं तर काळ्या दगडाचा क्रूस, एक हात तुटलेला. सगळा गाव जमला. शेजारच्या वाडीतले इनासबाबा, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आले आणि म्हणाले, "हा इथंच काठावर होता. मी लहान असताना एका पावसाळ्यात काठ ढासळला नि हा आत गेला. आम्ही पोरं रोज इथं टोपी काढायचो... मग विसरलो."

त्यांनी काठीनं जागा दाखवली. मी घरी जाऊन चुन्याच्या प्रयोगाची वही आणली. मामा म्हणाला, "मोज, मास्तर, मोज." त्या जागेच्या अलीकडे पंधरा पावलं, पलीकडे पंधरा पावलं. 'इथं क्रूस आहे का' हा माझा सवाल मला आठवला. मामालाही आठवला असणार, पण तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

क्रुसाचा हात जोडून तो काठावर पुन्हा उभा केला. फादर आले, आशीर्वाद झाला, माळा चढल्या. लग्नाच्या दिवशीची हकिगत तोवर आईच्या कानावर आली होती. तिनं आपण होऊन ट्रंक उघडली आणि मामाला टोपी परत दिली. एवढंच नाही, तर म्हणाली, "चल, आज मला तुझ्या गाडीतून ने. माझी पोर सांभाळली तिनं." आयुष्यात पहिल्यांदा आई त्या जीपमध्ये बसली. नामानं सगळं पुन्हा बसवून दिलं होतं, पिन तर तीनदा तपासून.

बावखल आलं. नवा-जुना क्रूस उन्हात चमकत होता. मामानं भक्तिभावानं डाव्या हातानं टोपी काढली, उजवा हात कपाळाला नेला...

आणि जीप शांतपणे डावीकडे वळून बावखलात उतरली.

गाळ काढायला पाणी उपसलेलं, म्हणून ते गुडघाभरच होतं. आई पाण्यात उभी राहिली, आधी तिनं क्रुसाची खूण पूर्ण केली, मग भावाकडे वळली. "एवढी वर्षं क्रूस तुम्हाला दिसत नव्हता, म्हणून तोच गाडी सांभाळत होता. आता दिसतो ना? मग हात जागेवर ठेवायला काय झालं?"

त्यानंतर जीप तिथं पुन्हा कधीही आपणहून सरळ गेली नाही. मी चुना टाकून पाहिलं. दोनदा. दोन्ही वेळा मी भिजलो.

मामा आता नाही. जीपही नाही. रस्त्यावर डांबर आलं, बावखलाला कठडा आला. दांडा सुटून टायर सरळ कसे राहिले, आणि नंतर का राहिले नाहीत, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. वही अजून आहे. कुणाला आकडे पडताळायचे असतील तर खुशाल या.

माझ्या गाडीचं स्टिअरिंग आता एका बोटानं फिरतं. तरी त्या क्रुसापाशी मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि मान खाली घालतो. शेजारून बायको दर वेळी विचारते, "काय करताय?"

मी सांगतो, रस्त्याचा उतार बघतोय.