मामेसासऱ्यांचे मानवी भांडवल

प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे असे मी योजिले आहे : माझे मामेसासरे विद्वान होते, की नुसतेच फार शिकलेले? या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे ज्यांना वाटते, त्यांच्या नात्यात अर्थशास्त्राचा प्राध्यापक नसावा. मला तो लग्नात मिळाला. माझ्या पत्नीचे हे सख्खे मामा मुंबईच्या एका कॉलेजात शिकवीत आणि सुट्टी लागली की चौलला आपल्या सुपारीच्या वाडीत येऊन राहत. या गृहस्थांनी आयुष्यात एकही घास सिद्धांताशिवाय गिळला नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. आमच्या लग्नाच्या पंक्तीत चौथी जिलबी संपवून त्यांनी जाहीर केले की, इथून पुढे जिलबीपासून मिळणारे समाधान शून्य आहे. आणि पडताळणीसाठी आणखी तीन खाल्ल्या. बाजारात ते भाव कधी पाडून मागत नसत. तो कसा ठरला हे विचारीत. कोळीण सांगू लागे, हे उलट प्रश्न करीत, ऊन चढत जाई, आणि मामा मासळी आणायला गेले आहेत असे कळले की माझी पत्नी मुकाट्याने डाळ शिजत टाकी.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती आणि देशाची प्रगती कशाने होईल हे ठरवण्याचे काम त्या काळी पुष्कळांनी अंगावर घेतले होते. मामांनी त्यातला आमच्या खाडीकाठचा भाग उचलला. चौल हे एके काळचे मोठे बंदर. त्याचा व्यापार गाळाने बुडाला, असे मी मुलांना शिकवीत असे. मामांना ते मान्य नव्हते. "गाळ उपसता येतो, जावईबापू. अडाणीपणा उपसायला शाळा लागते," असे ते म्हणत. शिकलेला माणूस हे गावाचे भांडवल, ते वाढले की व्यापार वाढतो, हा त्यांचा सिद्धांत. तो सिद्ध करायला त्यांना जवळची शाळा हवी होती, आणि जवळच्या कोळी-आगरी गावातल्या शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. मग नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढून हे गृहस्थ कोट चढवून, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून माझ्या वर्गात मागे बसू लागले. मुलांना ते भांडवलच म्हणत. एकदा भर वर्गात उठून म्हणाले, "मास्तर, तुमच्या तिसऱ्या रांगेतल्या भांडवलाला सर्दी झाली आहे, घरी पाठवा."

परंतु मला खरा ताप झाला तो त्यांच्या मोजमापाचा. विद्यार्थ्याचे मन शिकण्यात आहे की नाही हे कसे ओळखावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला पडतो. आपण मुलाच्या डोळ्यांकडे पाहतो. मामांचे म्हणणे असे की, डोळे खोटे बोलायला शाळेतच शिकतात. पायाचा अंगठा कधी खोटे बोलत नाही. मन लागले की अंगठा स्थिर होतो, उडाले की वळवळतो. आमची सगळी मुले अनवाणी, त्यामुळे संशोधनाला अडचण नव्हती. मी शेकडेवारी शिकवून घामाघूम होऊन खुर्चीत बसलो की मागून निकाल येई : "जावईबापू, एकही अंगठा जागेवर नव्हता. तुमचा सुद्धा."

याच सुमारास तालुक्याहून हुकूम आला. सातवीचा वर्ग अर्धा रिकामा असतो असे दिसते. तपासनीस साहेब येऊन पाहतील आणि मुले नसतील तर वर्ग बंद करतील. बंद होणे म्हणजे सातवीसाठी तरीने खाडी ओलांडणे आले. मुलगे कदाचित गेले असते. मुलीला रोज तरीत बसवून देणारे घर मात्र आमच्या गावात नव्हते. माझ्या सातवीत मुलगी एकच होती, हिराबाई कोळणीची चंद्रा. तिचे शिक्षण तिथेच संपले असते.

मामा म्हणाले, "घाबरू नका. आपण मागणी निर्माण करू." त्यांनी किनाऱ्यावर पालकांची सभा ठरवली, तीही पौर्णिमेच्या संध्याकाळी. मी त्यांना समजावले की, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, जाळी तेव्हाच भरतात, त्या दिवसांत सगळे गाव कामात असते. अष्टमीच्या सुमारास समुद्र मंदावला की मगच माणसे घरी सापडतात. मामांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण चांदणे पौर्णिमेलाच फुकट मिळते. कंदिलाचे तेल वाचेल." सभेला मी, माझी पत्नी आणि एक कुत्रे एवढे हजर होतो. मामांनी भाषण संपूर्ण केले. श्रोते नसणे हा मागणीचा दोष आहे, त्यासाठी पुरवठा थांबवता येत नाही, असे त्यांनी परतताना सांगितले. माझी पत्नी म्हणाली, "मामा, कुत्र्याचा अंगठा पाहिलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हरवलेले श्रोते शोधायला पुन्हा किनाऱ्यावर गेले आणि धापा टाकीत मला बोलवायला आले. माझी गैरहजर सातवी तिथे बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालीत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची, असे ते काम. मामा वाळूत जवळजवळ आडवे झाले होते. "बघा, बघा जावईबापू. एक अंगठा हलत नाही."

एवढ्यात हिराबाई टोपली घेऊन आली. "मास्तर, ह्ये तुमचं मामा सकालपासून माज्या पोरीच्या पायाकरं काय बगतान?"

"बाई, मी तिचे लक्ष मोजतो आहे," मामा पडल्या पडल्या म्हणाले.

"मोजा ना. पन मोजता मोजता दोन बोंबील टांगा."

मामांनी टांगले, वाईटच टांगले. पण त्याच दिवशी त्यांनी मला भंडावून सोडले की, उधाणाच्या दिवसांत सातवी इथेच भरवा. वेळापत्रक मोडणे माझ्या स्वभावात नाही. तरी मी फळा उचलून वलांड्यांखाली नेला, कारण वर्ग वाचवण्याचा दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता. ओला बोंबील सुकला की वजन शेकडा किती घटते, या उदाहरणाने ती मुले शेकडेवारी शिकली.

तपासनीस साहेब आले ते नेमके उधाणात. रिकामी खोली पाहून त्यांचा चेहरा उतरला. मामांनी त्यांना हाताला धरून किनाऱ्यावर आणले. साहेबांनी नाकाला रुमाल लावून चंद्राला व्याजाचे उदाहरण घातले. तिने हातातली जोडी दोरीवर टाकून उत्तर सांगितले आणि पुढची जोडी उचलली. साहेबांनी दुसरे घातले, मग तिसरे. मामा मध्येच म्हणाले, "साहेब, आपण बूट काढाल का? आपले लक्ष कुठे आहे ते कळत नाही." मला वाटले, वर्ग गेला. पण साहेबांनी शेरा लिहिला : सातवी चालू ठेवावी. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे गृहस्थ शाळेचे नोकर नाहीत ना?"

चंद्रा सातवी झाली, आणि पुढे शिक्षिकेच्या नोकरीवर उरणकडे गेली. मामांनी या अंगठ्यांवर एक निबंध लिहिला होता; त्यावर मुंबईच्या विद्वानांनी अंगठा हे परिमाण मानता येत नाही असे कळवले. मामांना त्याचे दुःख झाले नाही. त्यांचा सिद्धांत त्याआधीच त्यांनी स्वतः मोडीत काढला होता. "भांडवल तयार झाले आणि लाँचमध्ये बसून निघून गेले. गावाचा व्यापार काडीचाही वाढला नाही," ते म्हणाले. "मग वर्ग बंद पडला असता तर बरे झाले असते का?" असे माझ्या पत्नीने विचारले. "तिची पेटी धक्क्यापर्यंत मी नेली," मामा म्हणाले, "हिराबाई उचलू देत नव्हती."

आता मामा नाहीत, मीही निवृत्त झालो आहे. त्या शाळेच्या सातवीत हल्ली मुलींची एक संपूर्ण रांग बसते, असे मी म्हणतो. पण मी त्यांचा नातेवाईक आणि त्या शाळेचा जुना मास्तर, तेव्हा मामा विद्वान होते की नुसतेच शिकलेले, हे ठरवताना माझ्या शब्दावर विसंबू नये. वाचकांनी हिवाळ्यात एकदा चौलकडे यावे, दिवस उधाणाचा असेल तर शाळेऐवजी सरळ किनाऱ्यावर जावे, आणि स्वतः पाहून घ्यावे.