सागरची ट्यूब आणि बंपरवरचे खड्डे

पेंट शॉपमध्ये किस्से फार साठतात. कारण साधं आहे. आत शिरलं की तोंडावर मास्क, डोक्याला टोपी, अंगात तो पांढरा सूट. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. बोलायची सोयच नाही. मग पोटात दाबून ठेवलेलं सगळं चहाच्या सुट्टीत बाहेर पडतं. अर्धं सांगून होतंय तोवर भोंगा वाजतो आणि उरलेलं उद्यावर जातं. अशा उरलेल्या गोष्टी माझ्याकडे ढीगभर आहेत. त्यातल्या सागरच्या आता हसत सांगता येतात, म्हणून आधी त्याच सांगते. तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती!

मी दिघीहून कंपनीच्या बसनं कुरुळीला येते. गाड्यांचे बंपर रंगवायची आमची कंपनी आणि मी शेवटच्या तपासणीला. दिवसभर झगझगीत लाइटखाली बंपर न्याहाळायचे. कुठं दाणा, कुठं ओघळ, कुठं खड्डा दिसला की बोट ठेवायचं. ही सवय इतकी वाईट की लग्नाला गेले तरी मला नवरीच्या मेकअपमधला ओघळ दिसतो, आणि मी तो बोलून दाखवते. घरचे हल्ली मला स्टेजवर फोटोला नेत नाहीत.

आमच्याकडचा एक नियम ऐकून बाहेरच्या बायका हळहळतात. क्रीम नाही, पावडर नाही, केसांना तेल नाही, जेल नाही, सेंट नाही. काही क्रीममध्ये, केसांच्या लोशनमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा जरासा अंश बंपरवर गेला की तिथं रंग बसतच नाही, बाजूला सरकतो आणि मधे बारीक खड्डा पडतो. त्याला क्रेटर म्हणतात. एक क्रेटर म्हणजे अख्खा बंपर घासून पुन्हा रंगवा. म्हणून आमचे मॅनेजर पाटणकर सर रोज सकाळी दारात उभे राहून एकेकाचं डोकं हुंगतात. माणूस पन्नाशीचा, पण केस असे दाट आणि मागे वळवलेले की आमच्या लाइनवरची पोरं बघत राहायची. बोलता बोलता केसांतून हात फिरवायची त्यांना सवय होती.

* * *

या नियमाचा पहिला बळी बाळूभाऊ. बाळूभाऊ कुरुळीचेच, घरची शेती अजून आहे, आणि स्प्रे गन हातात घेतली की त्यांच्यासारखा हात पूर्ण चाकण पट्ट्यात नाही. भाच्याच्या हळदीला बायकांनी नवरा सोडून यांनाच धरलं आणि डोक्यापासून तेल-हळद चोपडली.

दुसऱ्या दिवशी सरांनी हुंगलं आणि दारातून परत पाठवलं. घर जवळच, भाऊ आंघोळ करून आले. पुन्हा परत. मग शिकेकाई लावून आले. सर म्हणाले, अजून वास येतोय. भाऊ निघून गेले आणि थोड्या वेळानं आले ते डोक्याचा चकोट करून. म्हणाले, "घ्या सर. हुंगा आता."

काम झालं, पण संध्याकाळी घरी जातात तर दारात गल्लीतली चार माणसं टोप्या घालून गंभीर चेहऱ्यानं बसलेली. कोण गेलं म्हणून विचारायला आलेली! आणि घरात लग्न. वहिनींनी त्यांना लग्नभर फेटा काढू दिला नाही, जेवताना सुद्धा.

* * *

सागर बीडकडचा. आमच्याकडे ट्रेनी म्हणून लागला आणि बाळूभाऊंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. पोरगं कामाला वाघ, पण मान कायम खाली. तोंडभर मुरूम, लाल, पिकलेले. चहाच्या सुट्टीतसुद्धा मास्क हनुवटीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचा. माझी नजर पडली की आणखी आक्रसायचा, कारण मी कुठं आणि काय बघते हे सगळ्या प्लँटला माहीत.

ट्रेनीचं वर्ष संपत आलं की सर ठरवतात, कायम करायचं की घरी पाठवायचं. त्याच्या आईनं तर गावात सांगूनच टाकलं होतं, पोरगा कायम झाल्यातच जमा आहे म्हणून. त्याचं पोराला फार ओझं झालं होतं.

आधी त्यानं एका मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेलं गोरं व्हायचं क्रीम आणलं. सुट्टीच्या दिवशी लावायचा. सुरुवातीला चेहरा असा तुकतुकीत झाला की त्यानं आईला व्हिडिओ कॉल केला. क्रीम सोडलं तसं मात्र दुप्पट फुटून आलं. मी त्याला भोसरीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक वाचलं आणि म्हणाल्या की यात स्टेरॉइड आहे, हे चेहऱ्याला लावायचं नसतं. ट्यूब तिथंच कचऱ्याच्या डब्यात गेली. सागरनं डब्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हात घालून परत काढतो.

बाईंनी दुसरी ट्यूब लिहून दिली. अँटिबायोटिकचं जेल, सोबत आणखी एक औषध त्यातच मिसळलेलं. नुसतं अँटिबायोटिक लावत बसलं तर जंतू त्याला सरावतात, म्हणून हे दोन्ही एकत्र, असं त्यांनी समजावलं. झोपताना चेहरा धुवून वाटाण्याएवढं घ्यायचं आणि पातळ लावायचं. फरक दिसायला काही आठवडे लागतील, घाई करायची नाही. सकाळी चेहरा स्वच्छ धुऊन कामावर जायचं. सागरनं सगळं मान हलवून ऐकलं.

* * *

आठवड्यातच पोराचा चेहरा टोमॅटो! सालं निघतायत, डोळ्याखाली सूज. मी घाबरून पुन्हा घेऊन गेले. बाईंनी विचारलं, किती लावतोस. म्हणाला, सांगितलं तसंच, वाटाण्याएवढं. मग असं कसं झालं म्हणून बाईंनी त्याला तिथं हातावर लावून दाखवायला सांगितलं.

सागरनं मनगटावर जेलचा पहिला हात मारला, एकसारखा, कडेपर्यंत. मग थांबला. बाई म्हणाल्या, काय झालं? म्हणाला, सुकू द्यायलोय. सुकल्यावर दुसरा हात. पुन्हा थांबला. मग तिसरा, जरा जाडसर, चमक येईपर्यंत. प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट! बिचारा रोज झोपायच्या आधी स्वतःच्या तोंडाचा बंपर करत होता. प्रत्येक कोटाला वेगळा वाटाणा.

बाईंनी कपाळाला हात लावला. तीन थर द्यायला कोणी सांगितलं?

सागर अगदी गरीब आवाजात म्हणाला, "मॅडम, एका कोटात कव्हरेज येत नाही."

मला हसू दाबता येईना. बाईंनी मलाच बाहेर बसायला सांगितलं. मग जेल काही दिवस बंद, नंतर एक दिवसाआड, आणि एकच कोट, असं ठरलं.

* * *

तिकडं बाळूभाऊंच्या घरात वेगळंच महाभारत. वहिनींच्या चांगल्या मरून रंगाच्या उशांवर पांढरे डाग पडायला लागले. धुतलं की डाग जायच्या ऐवजी आणखी उठून दिसायचे. वहिनींनी आधी साबण बदलला. मग बोअरच्या पाण्याला शिव्या घातल्या. मग शेजारच्या कंपनीच्या धुरावर संशय गेला आणि वाळत घालायची दोरीच मागच्या अंगाला नेली.

शेवटी बाळूभाऊंनी उशी उजेडात धरली, नखानं खरवडली आणि निकाल दिला, "ह्यो डाग न्हाई. ह्याचा रंगच उडालाय. कायतरी केमिकल हाय." रंगातलं त्यांना कोण शिकवणार? डागाळलेल्या सगळ्या उशा वरच्या खोलीतल्या, म्हणून सगळे सागरकडे बघायला लागले. त्या जेलमधलं दुसरं औषध कापडाचा रंग खातं, हे बाईंनी सांगितलं होतं. आमचा पठ्ठ्या कोटांच्या नादात तेवढंच विसरलेला.

वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी त्याला एक जुनी पांढरी उशी दिली आणि म्हणाल्या, हिला काय ते खाऊ दे. पण दुसऱ्या दिवशी बाळूभाऊंनी गुपचूप तीच ट्यूब टाचेच्या भेगांना लावलेली वहिनींनी पकडली. तेव्हा मात्र वरच्या मजल्यापर्यंत आवाज गेला.

हळूहळू सागरचा चेहरा निवळला. मास्क काढून सगळ्यांत बसायला लागला. एकदा तर मला म्हणाला, ताई, आता बघा की लाइटखाली. मी बघितलं. दोन-तीन दाणे होते, पण मी बोट ठेवलं नाही.

* * *

आणि नेमकं तेव्हाच बंपरवर क्रेटर यायला लागले. आज दोन, उद्या पाच. सगळे वरच्या बाजूला. आम्ही रंग मारायचा बूथ धुतला, फिल्टर बदलले, हवेच्या लायनी तपासल्या. सर दिवसातून चारदा टोपी न घालताच आत येऊन रंगवायच्या आधीचे बंपर वाकून वाकून बघायचे आणि वैतागून केसांतून हात फिरवायचे. ग्राहक कंपनीनं बंपरची अख्खी गाडी परत पाठवली तसे ते दारात आमची डोकी दोन-दोनदा हुंगायला लागले. त्याच आठवड्यात ट्रेनींचा निर्णय व्हायचा होता.

चहाच्या सुट्टीत सागर माझ्याजवळ आला. मास्क पुन्हा वर. "ताई, हे माझ्यामुळंच होयलंय. माझ्या ट्यूबमुळं. मी सरांना सांगून टाकतो."

मी म्हटलं, अरे, सकाळी तू तोंड धुतोस, वरून मास्क घालतोस. ऐकायला तयार नाही. म्हणाला, बाळूभाऊंची उशी खाल्ली तिनं, बंपर काय सोडायलीय? मला भीती वाटली हो. खरं निघालं तर याची नोकरी गेली, आणि ट्यूब सोडली तर चेहरा पुन्हा तसाच.

त्यानं सांगितलंच. सगळ्यांसमोर, ट्यूब टेबलावर ठेवून. सरांचा चेहरा लाल झाला. नियम माहीत असून लपवलंस? ट्रेनी आहेस तू! घरी जायची तयारी कर, असंही बोलून गेले.

तेव्हा बाळूभाऊ पुढं आले. म्हणाले, सर, एका पॅनेलवर टेस्ट घेऊ की. ज्याचं जे हाय ते समद्यांचं लावू. मग सगळ्यांच्या चोरवाटा बाहेर आल्या. कुणाचं ओठांना लावायचं मलम, कुणाचं दाढीनंतरचं लोशन, माझं हातांचं क्रीम. पॅनेल म्हणजे बंपरच्याच प्लॅस्टिकचा सपाट तुकडा, त्यावर चौकोन आखून एकेकाचं बोटभर लावलं, सुकवलं, नेहमीसारखं पुसून घेतलं. एक चौकोन रिकामा राहिला.

बाळूभाऊ म्हणाले, "सर, तुमचंबी लावा की. म्हंजी पोरास्नी बरं वाटंल."

सर हसले. माझं काय असणार, म्हणाले. पण सगळे बघत होते, म्हणून मोठ्या मनानं ड्रॉवरमधून केसांच्या सीरमची एक नाजूक बाटली काढली, जुनं बदलून हे नुकतंच घेतलंय म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं दोन थेंब लावले.

बाळूभाऊंनी पॅनेल रंगवलं. ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत सागर भिंतीला टेकून डोळे मिटून उभा. तपासणी माझी, म्हणून लाइट माझ्या हातात. मी आधी सागरचा चौकोन पाहिला. तिरका पाहिला, जवळून पाहिला, बोट फिरवलं. काचेसारखा! मला रडूच आलं. "सागर, काही नाही रे. एकही नाही." त्यानं खालीच बसकण मारली.

मग मी लाइट सरकवत शेवटच्या चौकोनावर नेला. तिथं रंगापेक्षा खड्डेच जास्त. सगळे वाकून बघत होते. बाळूभाऊ पॅनेलकडे बघत फक्त "व्हय" म्हणाले आणि गन धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सर टोपी घालून आले. त्या दिवशी क्रेटर नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टोपी काढून आले. सीरमनं फुगवलेले केस आता बसले होते आणि समोरून बऱ्यापैकी जागा रिकामी होती. दारात आम्ही रांगेत उभे, पण त्यांनी कुणाचं डोकं हुंगलं नाही. सागरपुढं थांबले. त्याचा मास्क खाली होता. सर त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले, अगदी मी बंपर बघते तसे.

"सोमवारपासून तू कायम," सर म्हणाले. मग इकडंतिकडं बघून जरा पुढं झुकले आणि आवाज बारीक केला. "सागर, तुझ्या त्या डॉक्टरीणबाई केसांचंही बघतात का रे?"