आळंबीचा गुलाबी रंग

सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात मी आळंबीपासून खाण्याचा रंग काढायच्या कामावर आहे. धिंगरी जातीची गुलाबी आळंबी वाटायची, गाळायची, त्या पाण्याची भुकटी करायची. हा रंग इतका नाजूक की आचेवर मातकट होतो. म्हणून गिरीज गावातल्या घरी आईला बजावलं होतं, वड्यांचं मिश्रण कोमट झालं की मगच ही भुकटी घाल.

गणपतीत आई नारळाच्या वड्या करून विकते. बाबा गेल्यावर आळीत तिला जो मान उरला, तो या वड्यांचा. बाजारच्या डबीतल्या लाल रंगावरून मी तिच्याशी वर्षभर भांडले होते. या वेळी तिने ऐकलं.

वड्या फिक्या गुलाबी झाल्या. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रंग आळंबीचा'.

"लिहायलाच पायजे?" आईने विचारलं.

"खाणाऱ्याला कळायला नको?"

बाबा खाण्यातल्या भेसळीविरुद्ध पत्रकं छापून वाटायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली होती आणि पुढची बाजू मला पाठ होती. लपवून विकणं मला चोरीच वाटायचं. अजूनही वाटतं.

शेजारच्या काकू आल्या. पुठ्ठा वाचून त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"वहिनी, नैवेद्याला आळंबी? मग कोंबडी-वडेच दाखवा की बाप्पाला."

"पांढऱ्या पन हायेत," आई म्हणाली.

"त्याच परातीत थापल्यात ना?"

संध्याकाळपर्यंत पांढऱ्याही तशाच पडून राहिल्या. मी तावातावाने कागद घेऊन बसले. आळंबी म्हणजे मांस नाही, आणि डबीतल्या रंगात काय असतं ते कुणीच विचारत नाही, असं लिहीत होते.

"लिही तू," आई म्हणाली. "तू कामावर जातेस. आळीत दिवसभर मी असते."

सकाळी उठले तेव्हा ती परात राखेने घासत होती. पुठ्ठा चुलीत गेला होता. लाल रंगाची डबी उघडी होती.

"आज तू बस बाहेर," ती म्हणाली. "मला त्यांच्या तोंडाकडे बघवनार नाय."

काकू पुन्हा आल्या. भडक गुलाबी वड्या न्याहाळून त्यांनी विचारलं, "परात नवी घेतली ना गं?"

आत आईचं खोबरं किसणं थांबलं.

"हो," मी म्हणाले.

काकूंनी दोन पुडे उचलले. "आता बघ, रंग कसा खुललाय."

आत किसणी पुन्हा सुरू झाली.